स्मॉल मॉडेलमधील सी प्रोग्राम आणि फार पॉइंटर : वाचनालयाच्या एका जुन्या प्रोग्रामाची दुरुस्ती

जुनीनोंद (धागाकर्ता)

नमस्कार. माझ्या वडिलांनी १९९३ साली गावच्या वाचनालयासाठी सभासदांच्या नोंदींचा एक प्रोग्राम टर्बो सी++ मध्ये लिहिला होता. त्यांच्या पश्चात सापडलेल्या फ्लॉप्यांपैकी एक अजूनही वाचता आली, आणि तिच्यात मूळ सी फायली व ३,२०० सभासदांची डेटा फाइल असे दोन्ही शाबूत निघाले. हा प्रोग्राम डॉसबॉक्समध्ये (आजच्या संगणकावर जुन्या डॉस यंत्राचे अनुकरण करणाऱ्या प्रोग्रामात) पुन्हा चालता करावा, आणि तोही वडिलांच्या मांडणीला शक्यतो धक्का न लावता, अशी माझी इच्छा आहे.

प्रोग्राम स्मॉल मेमरी मॉडेलमध्ये बांधलेला आहे. पडद्यावर मजकूर दाखवण्यासाठी वडिलांनी स्वतःचे एक फंक्शन लिहिले होते. ते बी८००:०००० या पत्त्यापासून सुरू होणारी पडद्याची मेमरी फार पॉइंटरमार्फत, म्हणजे मेमरीतील दूरच्या जागेचा पूर्ण पत्ता ठेवणाऱ्या चलामार्फत, एकेक घर करून भरत असे. मला ते फंक्शन विनाकारण लांबलेले वाटले, म्हणून मी त्यातील लूप काढून टाकला आणि एमके_एफपीने (पत्त्याचे दोन भाग जोडून फार पॉइंटर बनवणाऱ्या साधनाने) तयार होणारा तोच पॉइंटर सरळ स्ट्रकॉपीला, म्हणजे मजकुराची नक्कल करणाऱ्या तयार फंक्शनाला, दिला. पॉइंटरचे रूपांतर संशयास्पद असल्याचा इशारा कंपायलरने दिला, तरी प्रोग्राम बांधला गेला. चालवल्यावर शीर्षक पडद्यावर उमटले नाही, आणि प्रोग्राम संपताना ‘नल पॉइंटर असाइनमेंट’ असा संदेश आला. मी कोठेही नल पॉइंटर, म्हणजे कोणत्याही जागेकडे निर्देश न करणारा पॉइंटर, वापरलेला नाही. नंतर शीर्षक पहिल्या ओळीऐवजी तेराव्या ओळीत, एकविसाव्या रकान्यापासून लिहून पाहिले. संदेश नाहीसा झाला, शीर्षक तरीही दिसले नाही, आणि वर्गणीच्या दरांच्या तक्त्यात मात्र शीर्षकातील अक्षरे येऊन बसली.

एका परिचितांनी लार्ज मॉडेल, म्हणजे सर्व पॉइंटर फार मानणारी मांडणी, निवडण्यास सुचवले. तेही केले. आता शीर्षकाची एकाआड एक अक्षरे दिसतात, तीही भलत्याच रंगांत. आणि डेटा फाइल वाचताना दुसऱ्या नोंदीपासून सर्व रकाने सरकतात. यापैकी कोणती चूक कोणत्या कारणाने होते, हे मला समजून घ्यायचे आहे.

परिच्छेद१६

आपण लक्षणे इतकी नेमकी लिहिली आहेत की निदान त्यांतच आहे. सुरुवात प्रोसेसरपासून करतो, कारण फार पॉइंटर ही सी भाषेच्या प्रमाण व्याख्येतील गोष्ट नाही. ती ८०८६च्या रचनेमुळे कंपायलरांनी भाषेत घातलेली भर आहे.

१९७८ साली आलेल्या ८०८६ प्रोसेसरला पत्त्याच्या २० वाहिन्या होत्या, म्हणजे तो एक मेगाबाइट मेमरी हाताळू शकत होता. रजिस्टरे मात्र १६ बिटांची होती, आणि १६ बिटांत ६५,५३६ पेक्षा जास्त पत्ते मावत नाहीत. म्हणून प्रत्येक पत्ता दोन भागांत मांडला गेला. सेगमेंटला १६ने गुणून त्यात ऑफसेट मिळवला की खरा पत्ता मिळतो. स्मॉल मॉडेलमध्ये प्रोग्रामाच्या सूचना एका सेगमेंटमध्ये राहतात, आणि डेटा, स्टॅक (फंक्शनांतील स्थानिक चलांची जागा) व जवळचा हीप (प्रोग्राम चालताना मागून घेतलेली मेमरी) हे तिघे मिळून दुसऱ्या एका सेगमेंटमध्ये राहतात. डीएस आणि एसएस या दोन्ही रजिस्टरांत तोच एक सेगमेंट असतो व तो बदलत नाही. त्यामुळे साध्या पॉइंटरला सेगमेंट जवळ बाळगण्याची गरजच उरत नाही. तो दोन बाइटांचा असतो आणि त्यात फक्त ऑफसेट असतो. फार पॉइंटर चार बाइटांचा असतो आणि आपला सेगमेंट स्वतःबरोबर नेतो.

आता स्ट्रकॉपीकडे पाहा. स्मॉल मॉडेलसाठी बांधलेल्या कंपायलरच्या तयार फंक्शनांच्या ग्रंथालयातील (लायब्ररीतील) स्ट्रकॉपी दोन साधे, म्हणजे दोन-दोन बाइटांचे पॉइंटर घेते. आपण तिला चार बाइटांचा पॉइंटर दिला, तेव्हा कंपायलरने त्यातील बी८०० हा सेगमेंट टाकून दिला आणि उरलेला ऑफसेट पुढे पाठवला. पहिल्या ओळीच्या पहिल्या रकान्याचा ऑफसेट शून्य असतो, म्हणून शीर्षक डीएस:०००० येथे, आपल्याच डेटा सेगमेंटच्या आरंभी, लिहिले गेले. त्या जागी बोरलँडची स्वामित्वहक्काची ओळ ठेवलेली असते, आणि प्रोग्राम संपताना आरंभ-समाप्तीचा कोड ती बदललेली नाही ना, हे तपासतो. ती बदललेली आढळली की कोणीतरी नल पॉइंटरमधून लिहिले असा निष्कर्ष काढून तो आपण पाहिलेला संदेश देतो. तेराव्या ओळीचा हिशेबही तसाच आहे. वरच्या १२ ओळींची प्रत्येकी ८० घरे, त्यांत २० मिळवली की ९८० घरे होतात, प्रत्येक घर दोन बाइटांचे, म्हणून ऑफसेट १,९६०. आपल्या डेटा सेगमेंटमध्ये १,९६०व्या बाइटपाशी वर्गणीचा तक्ता आहे, एवढाच त्याचा अर्थ. संदेश नाहीसा झाल्याने चूक सौम्य झाली नाही. ती तपासणीच्या टप्प्याबाहेर गेली. माझ्या मते कंपायलरने येथे नुसता इशारा न देता बांधणीच नाकारायला हवी होती, कारण सेगमेंट गमावलेला पॉइंटर कधी उपयोगी पडल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

उलट दिशेचे रूपांतर सुरक्षित असते. साधा पॉइंटर फार पॉइंटरमध्ये बदलताना कंपायलर त्याला डीएसची किंमत जोडतो, आणि स्मॉल मॉडेलमध्ये स्टॅकही त्याच सेगमेंटमध्ये असल्याने फंक्शनमधील स्थानिक चलांचे पत्तेही बरोबर येतात.

लार्ज मॉडेलमध्ये दिसलेल्या एकाआड एक अक्षरांचे कारण वेगळे आहे. पडद्याच्या मेमरीत प्रत्येक घराचा पहिला बाइट अक्षराचा आणि दुसरा रंगाचा असतो. स्ट्रकॉपी अक्षरे एकापुढे एक ठेवत गेली, त्यामुळे शीर्षकाचे प्रत्येक दुसरे अक्षर रंग म्हणून वाचले गेले. म्हणजे स्ट्रकॉपी येथे कोणत्याही मॉडेलमध्ये चालणार नव्हती. वडिलांचा लूप लांबलेला नव्हता. अक्षर आणि रंग जोडीने लिहायचे तर तेवढे करावेच लागते.

माळ्यावरचा संगणक

वरील स्पष्टीकरण अचूक आहे, पण त्यातून निघणाऱ्या निष्कर्षाशी मी पूर्णपणे सहमत नाही. स्ट्रकॉपीची चूक बाजूला ठेवली तर लार्ज मॉडेलमध्ये सर्व पॉइंटर चार बाइटांचे असतात, ग्रंथालयही तसेच बांधलेले असते, आणि सेगमेंट गळून पडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. आज कोणीही हा प्रोग्राम ४.७७ मेगाहर्ट्झच्या यंत्रावर चालवणार नाही. मग थोड्या वेगासाठी दोन प्रकारचे पॉइंटर सांभाळण्याचा धोका कशाला पत्करावा? मी स्वतः एका कामाच्या ठिकाणी अनेक वर्षे असे मिश्र प्रोग्राम सांभाळले, आणि त्यांतील बहुतेक दोष याच सीमेवर सापडले.

परिच्छेद१६

आपला मुद्दा वेगाच्या बाबतीत मला मान्य आहे. ८०८६वर साधा पॉइंटर रजिस्टरात आणण्यापेक्षा एलईएस या सूचनेने सेगमेंट व ऑफसेट दोन्ही आणायला आठ चक्रे जास्त लागतात, शिवाय पुढच्या प्रत्येक वापराला ईएस या सेगमेंट-रजिस्टराचा उपसर्ग लागतो. डॉसबॉक्सवर याला महत्त्व नाही.

परंतु येथे अडचण डेटा फाइलची आहे. दुसऱ्या नोंदीपासून रकाने सरकतात, यावरून नोंदीच्या स्ट्रक्चरमध्ये एखादा पॉइंटर असावा आणि स्ट्रक्चर जसेच्या तसे एफराइटने फाइलमध्ये लिहिले जात असावे, असा माझा तर्क आहे. स्मॉल मॉडेलमध्ये तो पॉइंटर दोन बाइटांचा होता, लार्जमध्ये चार बाइटांचा झाला, आणि प्रत्येक नोंद दोन बाइटांनी वाढली. १९९३ची फाइल मात्र जुन्याच मापाची आहे. धागाकर्त्यांनी हे तपासून सांगावे. तसे असेल तर मॉडेल बदलणे म्हणजे फाइलीचा आराखडा बदलणे होय, आणि तो निर्णय केवळ सोयीसाठी घेऊ नये.

शिवाय लार्ज मॉडेल निवडल्याने जागेचा प्रश्नही सर्वस्वी सुटत नाही. टर्बो सीमध्ये त्या मॉडेलातही स्थिर डेटा एकूण ६४ किलोबाइटांपुरताच राहतो. ती मर्यादा फक्त ह्यूज मॉडेल ओलांडते.

मिश्र पॉइंटरांचा धोका खरा आहे. त्यावरचा माझा उपाय असा, की फार पॉइंटर तीन-चार फंक्शनांच्या आत बंद करून ठेवावेत आणि उरलेल्या प्रोग्रामाला त्यांचे अस्तित्वही कळू देऊ नये. त्या फंक्शनांत ज्या जागा जपायच्या, त्या मला ठाऊक आहेत. एकाच ओळीत दोन पॉइंटर घोषित केले तर फार हा शब्द फक्त पहिल्या तारकेला लागतो आणि दुसरा पॉइंटर गुपचूप साधा राहतो. म्हणून मी एका ओळीत एकच पॉइंटर घोषित करतो. फारमॅलॉक या दूरची मेमरी मागून घेणाऱ्या फंक्शनाचे हेडर जोडायचे राहिले तर सी भाषेच्या जुन्या नियमाप्रमाणे ते फंक्शन पूर्णांक परत देते असे कंपायलर मानतो, एएक्स रजिस्टरातील ऑफसेट घेतो आणि डीएक्स रजिस्टरातील सेगमेंट सोडून देतो. दुसऱ्या फाइलीत लिहिलेल्या आणि फार पॉइंटर घेणाऱ्या फंक्शनाला प्रोटोटाइपशिवाय (आगाऊ घोषणेशिवाय) साधा पॉइंटर दिला, तर स्टॅकवर दोनच बाइट ठेवले जातात आणि ते फंक्शन चार बाइट वाचते. फारमॅलॉकने घेतलेला ब्लॉक फारफ्रीनेच परत करावा, साध्या फ्रीने नव्हे. प्रिंटएफमध्ये दूरची स्ट्रिंग छापायची असेल तर टक्क्याच्या चिन्हानंतर मोठा एफ व मग एस लिहावे लागते, अन्यथा प्रिंटएफ दोनच बाइट उचलते आणि पुढची सर्व मूल्येही चुकतात.

जुनीनोंद (धागाकर्ता)

दोघांचेही मनापासून आभार. तर्क अगदी बरोबर निघाला. नोंदीच्या स्ट्रक्चरमध्ये गावाच्या नावाकडे निर्देश करणारा एक पॉइंटर आहे. वडील फाइल वाचल्यानंतर त्याची किंमत गावाच्या क्रमांकावरून पुन्हा भरत असत, पण फाइलीत त्याची जागा तशीच राहत असे. स्मॉल मॉडेलमध्ये नोंद ४८ बाइटांची आहे, लार्जमध्ये ५० बाइटांची होते. मी स्मॉल मॉडेलकडे परतलो आहे. वडिलांचे मूळ फंक्शन पुन्हा बसवले आणि शीर्षक निळ्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत उमटले.

आता पुढचा प्रश्न. सर्व नोंदी ते फारमॅलॉकने घेतलेल्या एकाच मोठ्या ब्लॉकमध्ये ठेवतात. मी प्रत्येक नोंद साध्या अरेप्रमाणे निर्देशांक देऊन वाचू लागलो, तेव्हा १,३६५ नोंदींपर्यंत सर्व ठीक होते. १,३६६व्या नोंदीत सभासद क्रमांक बरोबर, पण पुढचे रकाने विस्कटलेले. आणि १,३६७व्यापासून कशालाच अर्थ नाही. वडिलांच्या कोडमध्ये निर्देशांक नाही. ते दर वेळी एमके_एफपी वापरतात आणि ब्लॉकच्या सेगमेंटमध्ये नोंदीच्या क्रमांकाची तिप्पट मिळवतात, ऑफसेट मात्र तोच ठेवतात. हा तीन आकडा कोठून आला? त्याच्या शेजारी कोणतीही टीप नाही.

परिच्छेद१६

आपल्या वडिलांनी फार विचारपूर्वक काम केले आहे.

फार पॉइंटरवरील बेरीज-वजाबाकी फक्त ऑफसेटवर होते. ऑफसेट ६५,५३५च्या पुढे गेला की सेगमेंट वाढत नाही, ऑफसेट पुन्हा शून्यावर येतो. आपला ब्लॉक ३,२०० गुणिले ४८, म्हणजे १,५३,६०० बाइटांचा आहे; बरोबर १५० किलोबाइट. ब्लॉकचा ऑफसेट शून्य धरला तर १,३६५ नोंदी ६५,५२० बाइट व्यापतात आणि सेगमेंटमध्ये १६ बाइट उरतात. १,३६६व्या नोंदीचे पहिले १६ बाइट तेथे मावले, म्हणून सभासद क्रमांक बरोबर आला. पुढचे ३२ बाइट सेगमेंटच्या आरंभाकडून, पहिल्या नोंदीतून वाचले गेले. १,३६७वी नोंद तर पहिल्या नोंदीच्या मध्यातच सुरू झाली. फारमॅलॉक देत असलेला ऑफसेट नेमका शून्य नसतो, त्यामुळे एखाद-दोन रकान्यांचा फरक पडेल, पण घोटाळा याच नोंदीवर होईल.

यावरचा रूढ उपाय म्हणजे ह्यूज पॉइंटर. त्यातील प्रत्येक बेरजेनंतर ऑफसेट ० ते १५ यांच्या दरम्यान आणला जातो आणि उरलेला भाग सेगमेंटमध्ये जमा होतो. त्यासाठी दर वेळी एक मदतनीस फंक्शन बोलवावे लागते. वडिलांनी ते टाळले. सेगमेंट एकने वाढला की पत्ता १६ बाइटांनी पुढे जातो. या १६ बाइटांना पॅराग्राफ म्हणतात. त्यांनी नोंद नेमकी ४८ बाइटांची ठेवली, म्हणजे नेमके तीन पॅराग्राफ. म्हणून सेगमेंटमध्ये नोंदीच्या क्रमांकाची तिप्पट मिळवली की पुढची नोंद हाती येते, ऑफसेटला हातच लावावा लागत नाही, आणि कोणतीही नोंद सेगमेंटच्या कडेवर तुटत नाही. मला खात्री आहे की स्ट्रक्चरच्या शेवटी एखादा न वापरलेला रकाना असेल, जो केवळ ४८ ही संख्या पुरी करण्यासाठी ठेवला आहे.

एक सावधगिरी घ्यावी. फाइल वाचणाऱ्या एफरीड फंक्शनाला साधाच पॉइंटर चालतो, म्हणून एक नोंद आधी जवळच्या चलात वाचावी आणि मग पूर्ण स्ट्रक्चर बरोबर या चिन्हाने दूरच्या जागी ठेवावे. ते रूपांतर कंपायलर नीट करतो. क्रमवारी लावण्यासाठी क्यूसॉर्टला दूरच्या नोंदी देता येणार नाहीत, पण नोंदींच्या क्रमांकांचा अरे देता येतो. ३,२०० क्रमांकांना ६,४०० बाइट पुरतात, आणि ते जवळच्या सेगमेंटमध्ये सहज मावतात.

जुनीनोंद (धागाकर्ता)

स्ट्रक्चरच्या शेवटी खरोखरच पाच बाइटांचा ‘राखीव’ नावाचा रकाना आहे. मी तो काढून टाकण्याच्या बेतात होतो. आता त्याच्या शेजारी टीप लिहून ठेवली आहे.

क्रमवारीचे काम झाले. फक्त यादी छापण्याचा माझा लूप एकदाही फिरत नाही. चालू पॉइंटर शेवटच्या पॉइंटरपेक्षा लहान असेपर्यंत फिरावे, अशी अट मी घातली आहे.

माळ्यावरचा संगणक

याचे उत्तर मी देतो, कारण याच दोषाने मला एकदा दोन रात्री जागवले होते. टर्बो सीमध्ये फार पॉइंटरांची ‘लहान’ किंवा ‘मोठा’ अशी तुलना फक्त ऑफसेटांवर होते. आपल्या सर्व नोंदींचे ऑफसेट एकसारखे आहेत, म्हणून कोणताही पॉइंटर दुसऱ्यापेक्षा लहान ठरत नाही आणि अट पहिल्याच वेळी खोटी ठरते. ‘समान’ आणि ‘असमान’ या तुलना मात्र पूर्ण ३२ बिटांवर होतात. तीही सापळाच ठरू शकते, कारण बी८००:००१० आणि बी८०१:०००० ही मेमरीतील एकच जागा असूनही त्यांचे पॉइंटर असमान ठरतात. आपण पॉइंटरांची तुलना सोडून द्यावी आणि नोंदींचा क्रमांक मोजावा.

लार्ज मॉडेलमध्येही हा दोष असाच राहिला असता, हेही येथे नमूद करतो. माझे आधीचे मत मी त्या मर्यादेत मागे घेतो.

शिरोरेघ

धागा सुरुवातीपासून वाचत आहे. या प्रोग्रामात सभासदांची नावे मराठीत दिसतात की रोमन लिपीत? मराठीत दिसत असतील, तर स्मॉल मॉडेलमध्ये फार पॉइंटर लागणारी आणखी एक जागा त्यात असणार.

जुनीनोंद (धागाकर्ता)

मराठीतच दिसतात. एका फाइलीत अक्षरांचे आकार आकड्यांच्या तक्त्याच्या रूपाने भरलेले आहेत आणि ‘इंटर’ नावाचे फंक्शन एकदा बोलावले जाते. मात्र ते इंट८६एक्स या तशाच दुसऱ्या फंक्शनाऐवजी का वापरले, हे कळले नाही. तसेच डॉसबॉक्समध्ये नव्हे, पण वाचनालयात अजून असलेल्या एका जुन्या यंत्रावर काही अक्षरांच्या मध्ये शिरोरेघ तुटते.

शिरोरेघ

व्हीजीए या पडदा चालवणाऱ्या कार्डाच्या टेक्स्ट मोडमध्ये प्रत्येक अक्षर आठ बाय सोळा ठिपक्यांचे असते आणि त्याचा आकार बदलता येतो. त्यासाठी बायॉसच्या (यंत्रातील अंगभूत प्रोग्रामांच्या) १०एच या इंटरप्टला, म्हणजे पडद्याच्या सेवेला, एएक्समध्ये ११०० हा षोडशमान आकडा द्यावा लागतो आणि तक्त्याचा पत्ता ईएस:बीपी या जोडीत द्यावा लागतो. इंट८६एक्सच्या रचनेत बीपीसाठी जागाच नाही. टर्बो सीच्या इंटर या फंक्शनाच्या रेगपॅक रचनेत ती आहे, म्हणून वडिलांनी ते निवडले. तक्ता जवळच्या सेगमेंटमध्ये असला तरी बायॉसला आपला डीएस ठाऊक नसतो, म्हणून तक्त्याचा पॉइंटर फार करून एफपी_सेग व एफपी_ऑफने त्याचे दोन भाग वेगळे द्यावे लागतात. हे झाल्यावर टेक्स्टमोड फंक्शन बोलावू नये. मोड नव्याने लावला की बायॉस मूळ रोमन आकार परत भरतो.

शिरोरेघेचे कारण असे, की खऱ्या व्हीजीएवर अक्षराची रुंदी आठ नव्हे, नऊ ठिपक्यांची असते. नववा ठिपका बहुतेक अक्षरांसाठी कोरा राहतो. फक्त १९२ ते २२३ या ३२ संकेतांसाठी आठवा ठिपका नवव्या जागी पुन्हा काढला जातो, कारण चौकटींच्या रेषा त्या संकेतांत आहेत. त्यांतील अक्षरांची शिरोरेघ जुळते, बाकीच्यांची तुटते. सर्व मराठी अक्षरे ३२ संकेतांत बसणे शक्य नाही. शिवाय काना आठव्या स्तंभात असेल तर तो तेथे दुप्पट जाड दिसतो. म्हणून व्हीजीएमधील सिक्वेन्सर या भागाच्या क्लॉकिंग मोड रजिस्टरचा पहिला, म्हणजे शून्य क्रमांकाचा बिट एक करून रुंदी आठ ठिपक्यांवर आणावी. हा बिट वडिलांनी कोठे लावला आहे का, ते आधी शोधावे.

जुनीनोंद (धागाकर्ता)

बिट लावलेला नाही. पण तक्ता आज पुन्हा नीट पाहिला. वाचनालयाच्या नावातील, आणि ‘सभासद’, ‘वर्गणी’, ‘पुस्तक’ या तीन शब्दांतील अक्षरे तेवढी १९२ ते २२३च्या दरम्यान ठेवलेली आहेत, आणि त्यांतल्या प्रत्येक अक्षराचा काना सातव्या स्तंभात आहे. सभासदांच्या नावांतील उरलेली अक्षरे त्याबाहेर आहेत. तो बिट मी उद्या वाचनालयात जाऊन, त्या यंत्रावरच लावून पाहीन.